शेजारचा डबा

फलाटावर माझी एक ठरलेली जागा आहे. मुलुंड स्टेशनचा पूल उतरले की उजव्या हाताचा तिसरा खांब. बायकांचा डबा बरोबर त्या खांबासमोर येऊन उभा राहतो. बावीस वर्षे मी त्या खांबापाशी उभी राहत आले. मुलुंडला गाडी पकडायची, घाटकोपरला उतरायचे, बालवाडीतल्या चाळीस पोरांची नाके पुसायची, गाणी म्हणायची, आणि दुपारी परत यायचे. वेळ उरला तर कादंबरी लिहायची. माझे शिक्षण दहावीपर्यंतचे. आमच्या आजीच्या भाषेत मॅट्रिक. तेवढ्या शिदोरीवर मुलांना अक्षरे शिकवता येतात आणि वाचकांना दोन घटका रडवताही येते, एवढा माझा अनुभव आहे.

त्या खांबापासून दहा पावलांवर आणखी एक लहानसा डबा येऊन थांबतो. चाकांच्या खुर्चीचे चित्र असलेला. तो अपंगांसाठी आणि कर्करोग्यांसाठी राखून ठेवलेला असतो, हे मुंबईत गाडीने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बावीस वर्षांत मी त्या डब्याकडे हजारदा पाहिले असेल. पावसाळ्यात आमच्या डब्यात पाय ठेवायला जागा नसली, की तिथली रिकामी बाके पाहून, देवाची शपथ, मला हेवासुद्धा वाटला आहे. माणसाने हेवा कशाचा करावा याला काही धरबंध नाही, हे मला पुढे कळले.

दिवाळीच्या अंकात ही आजाराची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. त्यावर माझे उत्तर एवढेच, की नरकचतुर्दशीला आपण पहाटे आधी कारीट फोडतो, त्याचा कडू थेंब जिभेला लावतो, आणि मगच फराळाला बसतो. तेव्हा हा माझा कडू थेंब समजावा. चकल्या मागाहून आहेतच.

2024 च्या मे महिन्यात अंघोळ करताना डाव्या बाजूला गाठ हाताला लागली. दुखत नव्हती म्हणून आठ दिवस मी कुणाला बोलले नाही. न दुखणारी गाठच आधी दाखवावी, हे मला तेव्हा माहीत नव्हते. आता मी भेटेल त्या बाईला सांगत असते. तपासण्या झाल्या, जुलैत ऑपरेशन झाले, काखेतल्या काही गाठीही काढल्या. मग डॉक्टरांनी सांगितले, की आता केमो. दर एकवीस दिवसांनी एक डोस, असे चार. त्यानंतर दुसरे औषध. पहिला डोस 12 ऑगस्टला, श्रावणातल्या सोमवारी, परळच्या टाटा हॉस्पिटलात.

रेल्वेच्या सवलतीसाठीचा हॉस्पिटलचा कागद माझ्या पर्समध्ये पंधरा दिवस आधीच येऊन पडला होता. पण त्या सोमवारी सकाळी मी तिसऱ्या खांबापाशीच जाऊन उभी राहिले. 'हे' म्हणाले, "अगं, तो डबा तिकडे आहे." मी म्हटले, "मला अजून काही झालेलं नाही." ऑपरेशनला महिना झाला होता, काखेत अजून ओढ होती, आणि तरी मी हे म्हटले! यांनी वाद घातला नाही. ते पुरुषांच्या डब्यात चढले, मी बायकांच्या. दादरपर्यंत दांड्याला लोंबकळत गेले. मैत्रिणींनी विचारले, "आज घाटकोपरला उतरली नाहीस?" म्हटले, "परळला काम आहे." परळला काम आहे म्हणजे काय, हे मुंबईत कुणाला सांगावे लागत नाही. एक जण गप्पकन उठली आणि मला जागा दिली. मी बसले नाही.

ते हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या दुःखातून ही इमारत उभी राहिली असे म्हणतात. 1962 पासून ते अणुऊर्जा खात्याकडे आहे. मला त्या दिवशी यातले काहीच सुचत नव्हते. मला दिसत होती ती माणसे. बिहारची, बंगालची, आसामची, आपल्या जळगावची, रत्नागिरीची. कुणी फुटपाथवर चटई टाकलेली, कुणी फायलीची पिशवी छातीशी धरलेली. एवढी माणसे एका रोगासाठी एका रस्त्यावर गोळा झालेली मी कधी पाहिली नव्हती. पंढरपूरला जाताना जशी गर्दी दिसते तशीच. फक्त टाळ वाजत नव्हते.

आधी मळमळ होऊ नये म्हणून एक सलाईन. ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई टोचायची नसते, हात सुजतो. म्हणजे माझा डावा हात वाचला आणि उजवा सापडला. फळ्यावर 'अ' काढायचा हा हात, कादंबऱ्या लिहायचा हा हात. सिस्टरांनी शीर शोधली, ती लपली, पुन्हा शोधली. "घाबरलात की शिरा आत जातात," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "मग आज काही सापडायची नाही." त्या हसल्या, आणि तेवढ्यात सुई गेलीसुद्धा.

मग त्यांनी अंगावर गाऊन चढवला, हातमोजे घातले, आणि एक मोठी सिरिंज आणली. आत लालभडक औषध. कोकमाचे आगळ असते ना, अगदी तसे. मी त्या हातमोज्यांकडे पाहत राहिले. जे औषध या बाईने स्वतःच्या कातडीलासुद्धा लागू द्यायचे नाही, ते माझ्या रक्तात जाणार होते. "दोन दिवस लघवी लाल होईल, रक्त नसतं ते," सिस्टर म्हणाल्या. इतक्या साधेपणाने, जणू बीट खाल्ल्यावर होते तशी. त्यानंतर दुसरी बाटली, पाण्यासारखी. सगळे मिळून अडीच-तीन तास. दुखले असे काहीच नाही. माझ्या कादंबऱ्यांत मी आजवर दोन नायिकांना आजाराने मारले आहे. दोघीही उशीवर केस पसरून, खिडकीतून चाफ्याकडे पाहत, सुंदर दिसत मेल्या. त्या खुर्चीत बसून मी त्या दोघींची मनातल्या मनात क्षमा मागितली. मला काडीचीही माहिती नव्हती.

परतताना परळच्या फलाटावर माझे पाय जड झाले. डोके हलके, पाय जड. यांनी माझे दंड धरले आणि काही न बोलता मला त्या दुसऱ्या डब्यापाशी नेले. मी आत चढले. माझ्या अंगावर कलकत्ता साडी, पाठीवर कमरेपर्यंत वेणी, कपाळाला कुंकू. दाराशी कुबडी टेकवून बसलेले एक म्हातारे गृहस्थ माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, हा अपंगांचा डबा आहे. बायकांचा पुढं."

यांनी तोंड उघडले. पण त्यांच्याआधी मीच बोलले. "मला कॅन्सर आहे. आज पहिली केमो घेतली."

तो शब्द मी तोपर्यंत उच्चारलाच नव्हता. डॉक्टरांकडे 'रिपोर्ट', घरात 'ते', शाळेत 'ऑपरेशन' आणि बालवाडीतल्या पोरांपाशी 'बाईंना बाऊ झालाय'. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. आणि म्हटला तो कुठे, तर सेंट्रल रेल्वेच्या डब्यात, अनोळखी माणसांत, आवाज चढवून. मला वाटले, आता सगळे वळून पाहतील. कुणीही वळले नाही. एक मुका मुलगा हातवारे करून दुसऱ्याला काहीतरी गमतीचे सांगत होता, ते तसेच चालू राहिले. म्हाताऱ्यांनी कुबडी उचलून पलीकडे ठेवली आणि म्हणाले, "मग बसा की! खिडकीशी बसा. वारा लागला की मळमळ कमी होते."

समोर डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई होती. ती म्हणाली, "पहिली का? आज उद्या काही वाटायचं नाही. लोक म्हणतील, बघ, काही झालं नाही. चौथ्या दिवशी पडाल. सहाव्या-सातव्याला उठाल. मिठाच्या पाण्यानं गुळण्या आतापासूनच सुरू करा, तोंड यायच्या आधी. आणि ताप आला तर सकाळची वाट बघायची नाही." भांडुप येईपर्यंत तिने मला एवढे सांगितले, आणि उतरून गेली. तिचे नाव मला ठाऊक नाही. पण पुढचे एकवीस दिवस माझ्या घरात तिचाच कायदा चालला.

चौथा दिवस म्हणजे 15 ऑगस्ट. कोपऱ्यावरच्या शाळेतून ध्वजवंदनाचा आवाज येत होता. बावीस वर्षांत मी त्या दिवशी कधी घरी नव्हते. पोरांच्या छातीला टाचणीने कागदी झेंडे लावायचे काम माझे. त्या दिवशी राष्ट्रगीत सुरू झाले तेव्हा सवयीने उठायला गेले आणि पलंगाच्या कडेवरच बसले. पाण्यालासुद्धा चव तांब्याच्या पैशाची. सासूबाईंनी स्वयंपाकघरात हिंगाची फोडणी टाकली आणि मला ती खोलीत बसून कळली, इतकी कळली, की मी तोंडावर पदर घेतला. त्या दिवसापासून सासूबाईंनी फोडणी बंद केली. फोडणीशिवाय वरण करायचे म्हणजे त्यांच्या दृष्टीने हातपाय बांधून पोहायचे. मऊ भात, मेतकूट आणि तूप, एवढेच माझ्या पोटात ठरे. मळमळीची गोळी घ्यावी तर पोट घट्ट, न घ्यावी तर मळमळ. आमच्या नायिकांना बद्धकोष्ठ होत नसे.

आठव्या दिवशी नारळी पौर्णिमा. नाशिकहून भाऊ आला. आता माझ्या पांढऱ्या पेशी उतरणीला लागलेल्या. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडते. रोगाच्या पेशी भराभर वाढतात. पण केसांच्या मुळाच्या, तोंडातल्या आतड्यातल्या अस्तराच्या, आणि हाडांतल्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. त्याला आपला-परका कळत नाही. म्हणून साधारण सातव्या दिवसापासून चौदाव्यापर्यंत शरीराची राखण करणारे शिपाईच कमी पडतात. कच्ची कोशिंबीर नको, बाहेरचे नको, गर्दी नको, आणि शेंबड्या पोरांची बालवाडी तर मुळीच नको. भावाने दारातच हात धुतले, तोंडाला मास्क बांधला, आणि लांबूनच हात पुढे केला. माझ्या उजव्या हाताची शीर सुईने दोरीसारखी कडक झाली होती. राखीची गाठ डाव्या हाताने मारली. ती सैल बसली. भाऊ म्हणाला, "राहू दे, पडली तर खिशात ठेवीन."

दहाव्या रात्री अंग तापले. रात्री 2 वाजता थर्मामीटर 99.8. पुन्हा लावला तर 100.1. 100.4 झाला की निघायचे, असे हॉस्पिटलात बजावलेले. यांनी फाईल, पैसे, चादर सगळे पिशवीत भरले आणि ते कपडे घालून खुर्चीत बसले. आमची लेक तेव्हा दहावीत. ती अभ्यासाच्या टेबलावरून उठून माझ्या पायथ्याशी आली आणि तिने विचारले, "आई, तू मरणार का गं?"

माझ्या कादंबरीत या प्रश्नाला मी पानभर उत्तर लिहिले असते. आत्मा, आकाशातली चांदणी, सगळे काही. पण पोरीच्या डोळ्यांत पाहिल्यावर ते काहीच ओठांवर येईना. मी म्हटले, "मला माहीत नाही गं. डॉक्टर म्हणतात, वेळेवर सापडलंय, औषध लागू पडायला हरकत नाही. आज रात्री तरी मरणार नाही."

तिने जरा विचार केला. "मग मी झोपू?"

"झोप."

आणि ती खरेच पाच मिनिटांत झोपली. साडेचारला पारा 99.4 वर आला. यांनी पिशवी तशीच दाराशी ठेवली. ती पुढे सहा महिने तिथेच होती.

ताप उतरल्यावर पडून पडून मी वाचायला लागले. लेकीच्या मोबाइलवर, चष्मा नाकावर घेऊन. हे औषध आले कुठून, हे मला जाणून घ्यायचे होते. आपल्या घरात कुणी नवे माणूस राहायला आले, तर त्याचे गाव आपण विचारतोच. माझ्या दुसऱ्या बाटलीतले औषध निघाले महायुद्धातल्या विषारी वायूच्या घराण्यातले! पहिल्या महायुद्धात मस्टर्ड गॅस वापरला, तेव्हा त्याने सैनिकांच्या पांढऱ्या पेशी मारल्याचे डॉक्टरांना दिसले. त्याच जातीचे द्रव्य 1942 मध्ये अमेरिकेत एका रोग्याला औषध म्हणून टोचले गेले. माणसाने माणसाला मारायला केलेल्या वस्तूचा असा उपयोग व्हावा, याचे मला बरेही वाटले आणि शिसारीही आली.

पण मी उठून बसले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. 1928 मध्ये लूसी विल्स नावाची एक इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणी पांढऱ्याफटक पडत आणि दगावत. ते का, हे शोधायचे तिचे काम. ती काम करी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. म्हणजे जिथे मी सुई टोचून घेतली, तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. तिने या बायांचे रक्त तपासले, त्यांचे खाणे तपासले, आणि 1931 च्या सुमारास दाखवून दिले, की खमिराच्या एका स्वस्त काळ्या अर्काने त्या बऱ्या होतात. त्यात काय आहे ते तेव्हा कळले नव्हते. पुढे कळले, ते फॉलिक ॲसिड. आज आपल्याकडे गरोदर सुनेला डॉक्टर पहिल्याच भेटीत ज्या बारीक गोळ्या लिहून देतात, त्या याच. ते कारखान्यात तयार करणाऱ्यांत आंध्रातून अमेरिकेला गेलेले डॉक्टर येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. मग बोस्टनच्या डॉक्टर फार्बरना दिसले, की रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांत हे जीवनसत्त्व रोगालाच पोसते. त्यांनी उलटा विचार केला: याचा वैरी मिळाला तर? तो वैरी सुब्बारावांच्या मंडळींनी बनवून दिला. 1948 मध्ये बातमी छापून आली, की काही मुलांचा रोग काही काळापुरता का होईना, हटला. त्या घराण्यातले एक औषध पुढे स्तनांच्या कर्करोगावरही वर्षानुवर्षे दिले गेले.

माझ्या बाटलीत ते नव्हते. पण माझ्या आजीची आई लालबागच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. 1930 साली आजी तिच्या पोटात होती. त्या डॉक्टरणीने जिचे बोट टोचले, त्या बायांत ती असेल असे मी म्हणत नाही. गिरणगावात अशा हजारो होत्या. पण त्यांच्यापैकी कुणीतरी एकीने, चौथी मुलगी झाली म्हणून रडत असतानाही, त्या गोऱ्या बाईपुढे हात केला, त्या हातातल्या थेंबभर रक्तापासून ही एक वाट निघाली. परळमध्ये माझ्या हातात सुई गेली तेव्हा मला वाटले होते, की मी या रस्त्यावर अगदी एकटी आलेय. तसे नव्हते. माझ्या घरच्या बाया तिथून आधी चालून गेल्या होत्या.

शेजारच्या काकूंनी याच सुमारास सल्ला दिला, की सदाफुलीची पाने चावून खा. त्यात कॅन्सरचे औषध असते. असते हे खरे. 1958 मध्ये कॅनडात सदाफुलीतून असे औषध काढले, आणि ते आजही काही कर्करोगांवर देतात. पण कुठल्या रोगावर, किती आणि कसे, हे गॅलरीतल्या कुंडीला कळत नाही. डॉक्टर म्हणाले, "पान खाल्लंत तर माझं औषधही बिघडेल आणि तुम्हीही." सासूबाईंनी सदाफुली देवाला वाहिली. तिथे तिचा उपद्रव नाही.

सोळाव्या दिवशी दहीहंडी होती. खाली ढोल वाजत होते, आणि मी वेणी घालायला केस पुढे घेतले तर हातात मूठभर आले. दुखले नाही. ओल्या भिंतीवरचा पोपडा सुटावा तसे सुटले. उशीवर, ताटात, लेकीच्या वहीत, सगळीकडे केस. सासूबाई काही न बोलता दिवसातून चार वेळा केर काढीत. लग्न झाल्यापासून दर रविवारी त्यांनी या केसांना तेल लावले होते.

30 ऑगस्टला रक्त तपासायला परळला गेले, तेव्हा मी आपण होऊनच दहा पावले पुढे गेले. डोक्यावर पदर होता. कुर्ल्याला एक आंधळा फेरीवाला चढला. गळ्यात चौकट, तिला लटकलेले कंगवे, फण्या, किल्ल्यांच्या साखळ्या. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "कंगवा घ्या ताई. दहा रुपये. ह्यानं केस तुटत नाहीत." मी पदराखाली हात नेला, तिथे आता बोटांनी मोजण्यासारखे केस उरले होते. मला आधी रडू येईल असे वाटले, आणि आले हसू. मोठ्याने आले. समोरचा माणूसही हसला, मग तो फेरीवालाही, कारण न कळता. मी दोन कंगवे घेतले. ते पुढे सात-आठ महिने कपाटात पडून होते. आता त्यांतला एक रोज लागतो.

दुसऱ्या डोसाच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी यांना म्हटले, "उरलेले काढून टाका. हा केर मला बघवत नाही." आणि घरातला खरा बॉम्ब तेव्हा फुटला. फोडणी सोडणाऱ्या, केर काढणाऱ्या, रात्री उशाशी बसणाऱ्या सासूबाई ताडकन उठल्या. "माझा मुलगा जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "तो असताना त्याच्या बायकोच्या डोक्याला वस्तरा लागायचा नाही. त्याच्या हातानं तर नाहीच." आणि त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतले.

मला त्यांचा राग आला. दुसऱ्या क्षणी आठवले. त्यांनीच एकदा सांगितले होते. कोकणात त्या लहान असताना त्यांची आजी सोवळी होती. लाल आलवण नेसे. न्हावी मागच्या दाराने येई, आणि आजी परसात पाटावर बसे. मुलांनी तिकडे जायचे नाही असा नियम. पण या फटीतून पाहत. आजीचे डोके खाली वाकलेले आणि पाटाभोवती पांढरे खुंट. सत्तर वर्षे त्यांच्या डोळ्यांत ते रुतून बसले होते. त्यांच्या लेखी बाईचे केस जातात ते एकाच कारणाने.

मी दारापाशी गेले आणि बाहेरूनच म्हटले, "आई, तुमच्या आजींचे केस दुसऱ्यांनी काढले. त्यांना कुणी विचारलं नाही. माझे मी काढतेय. आणि मी काढतेय ते राहायसाठी." आतून उत्तर आले नाही.

यांनी गॅलरीत स्टूल ठेवले. खांद्यावर जुने धोतर टाकले. मशीन सुरू झाले. यांचा हात थरथरत होता, आणि मी उगीचच बालवाडीच्या पोरांच्या गमती सांगत होते. अर्धे डोके झाले असेल, तेव्हा मागे चाहूल लागली. सासूबाई उभ्या होत्या. बराच वेळ पाहत राहिल्या. मग पुढे आल्या, माझी हनुवटी धरून मान जरा वळवली, आणि मुलाला म्हणाल्या, "नीट काढ रे. कानामागं राहिलेत." झाल्यावर त्यांनी वाटीत खोबरेल आणले आणि त्या गोट्यावर, दर रविवारी लावीत तसे, तेल जिरवले. मग पदराने बोट पुसून माझ्या कपाळाला कुंकू लावले. नेहमीपेक्षा मोठे.

दुसऱ्या दिवशी, 2 सप्टेंबरला, दुसरा डोस घेऊन आम्ही परतलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. पिठोरी अमावास्या होती. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या आईने खीरपुरीचे वाण डोक्यावर घेऊन, पाठमोरे उभे राहून विचारायचे असते, "अतीत कोण?" आणि मागून मुलांनी म्हणायचे, "मी." मग वाण मागच्या मागे त्यांच्या हाती द्यायचे. मुलांच्या आयुष्यासाठी असते ते. माझ्याने उभे राहवत नव्हते; मी भिंतीकडे तोंड करून बसूनच विचारले. लेकीने माझ्या गोट्याच्या मागून मोठ्याने "मी!" म्हटले आणि वाण घेतले.

मग सासूबाई उठल्या. हे औषधे आणायला कोपऱ्यावर गेलेले. घरात त्यांचे दुसरे मूल नव्हते. तरी त्यांनी ताट डोक्यावर घेतले, माझ्या पलंगाकडे पाठ केली, आणि विचारले, "अतीत कोण?"

मला वाटले, यांची वाट पाहत असतील. मी गप्प राहिले. त्यांनी पुन्हा विचारले, जरा रागावूनच, "अतीत कोण?"

मी म्हटले, "मी."

ताट मागे आले. मी दोन्ही हातांनी धरले.